कोपरा फाडलेले कार्ड आणि दोन निळ्या खुणा

पोस्टमनने दिलेल्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला दिसला की ते वाचण्याआधीच घरातली बाईमाणसे मटकन खाली बसत. कोण गेले, एवढेच काय ते वाचायचे उरलेले असे. असले कार्ड घरात ठेवायचे नाही, वाचून तिथल्या तिथे फाडून टाकायचे आणि मग स्नान करायचे, हा रिवाज. कार्ड कधी चौथ्या दिवशी पोचे, कधी बाराव्या. त्याचीही सोय शास्त्राने करून ठेवली होती. दहा दिवस उलटून वार्ता आली तर सुतक कमी धरावे, फारच उशिरा आली तर नुसत्या स्नानाने भागवावे. टपाल उशिरा येणार हे आमच्या शास्त्रकारांना पोस्टखाते निघण्याच्या कितीतरी आधीच ठाऊक असावे!

आता ती सवलत गेली. 2023 साली आमचे एक चुलत सासरे राणीसावरगावी पहाटे पाचच्या सुमारास वारले. सव्वापाचला ती बातमी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होती आणि नांदेड, पुणे, हैदराबाद, छत्रपती संभाजीनगर अशा सगळ्या गावी आम्ही मंडळी एकाच मिनिटात सुतकात गेलो. पुतण्या न्यू जर्सीला असतो. तिकडे अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ होती आणि त्याची बायको पाहुण्यांसाठी पुरणाच्या पोळ्या लाटत होती. तिने हातचे पीठ पुसून मला फोन केला आणि विचारले, "काकू, सुतक आजपासून धरायचं की उद्यापासून? तुमच्याकडे उद्या उजाडलाय, आमच्याकडे अजून आजच आहे." मी आमच्या ओळखीच्या गुरुजींना विचारले. त्यांनी बराच विचार करून सांगितले, "पोळ्या झाल्या असतील तर पाहुण्यांना वाढून टाका म्हणावं."

हा फोन, हा ग्रुप आणि एका गावातून चहूकडे पांगलेले एक घर, यांच्याविषयी मला चार गोष्टी सांगायच्या आहेत. हल्ली या विषयावर दोनच तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. एक म्हणजे, या फोनाने माणसे जवळ आली. दुसरे म्हणजे, या फोनाने माणसे दुरावली. आमच्या घरात दोन्ही घडले, आणि तेही कित्येकदा एकाच दिवशी.

राणीसावरगाव हे परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातले, बालाघाटाच्या डोंगराळ भागातले गाव. रेणुकादेवीचे देऊळ ही गावाची ओळख. नवरात्रात तिथे माणसांची रीघ लागते. तालुक्याचे गंगाखेड गोदावरीकाठी, संत जनाबाईचे. रेल्वे गाठायची तीही गंगाखेडलाच. मी 1986 साली या घरात सून म्हणून आले तेव्हा गावात पत्र हेच एक साधन होते. घरातली जुनी माणसे मात्र त्याही मागच्या गोष्टी सांगत. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात. तिथले टपाल निराळे, तिकिटे निराळी, नाणे हाली. पलीकडच्या मुलखात दिलेल्या मुलीचे पत्र म्हणजे परराज्यातून आलेले पत्र!

आमच्या मामंजींचे अक्षर मोत्यासारखे होते आणि पत्राचा साचा ठरलेला. वरती श्री, मग "अनेक आशीर्वाद विशेष", मग पाऊसपाणी, मग ज्वारीचा आणि कापसाचा भाव, आणि अगदी शेवटी, जागा उरली तर, घरच्या माणसांची खुशाली. सासूबाईंना लिहितावाचता येत नाही. त्यांना लेकीला काही कळवायचे झाले तर ते मामंजींच्या किंवा शाळेत जाणाऱ्या एखाद्या पोराच्या हातून. लेकीचे पत्र आले तर तेही असेच दुसऱ्या कुणीतरी ओटीवर मोठ्याने वाचायचे. मग लेक काय लिहिणार? "मी येथे सुखरूप आहे." सुख असले तरी हेच वाक्य आणि नसले तरी हेच. मायलेकींमध्ये आडपडदा न ठेवता बोलणे व्हायचे ते वर्षातून एकदा, भाऊ मूळ घेऊन जाई आणि लेक दिवाळीला माहेरी येई तेव्हा, जात्याशी किंवा मागच्या दारी. बाकीच्या वर्षभराचे सारे ओवीत. गी पॉत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्यांत भावाची वाट पाहणाऱ्या बहिणींच्या ओव्या किती आहेत हे पाहिले म्हणजे कळते की टपालखात्याला जे पोचवता येत नव्हते ते कुठे साठत होते.

म्हणून मला विचाराल तर या नव्या साधनातली सर्वांत मोठी गोष्ट चित्रे नव्हे, चलच्चित्रे नव्हे आणि दूरच्या माणसाचे तोंड दिसणे हेही नव्हे. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे 2013 साली व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आलेली बोलून निरोप धाडायची सोय. एक बटण दाबून धरायचे, बोलायचे, सोडून द्यायचे. अक्षर यावे लागत नाही आणि मध्ये वाचणाराही लागत नाही. आमच्या सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत. नातीने त्यांना हे बटण दाखवले त्याला आता सात-आठ वर्षे झाली. पहिल्या दिवशी त्यांनी फोन दोन्ही हातांत देवाच्या प्रसादासारखा धरला आणि एका दमात म्हणाल्या, "सर्वांना माझा अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. तिकडील खुशाली कळवावी. कळावे." आयुष्यभर दुसऱ्याला पत्र सांगितले, तेव्हा बोलायचे कसे याचा तोच साचा डोक्यात! अजूनही त्यांचा प्रत्येक निरोप "कळावे"नेच संपतो. मात्र मध्ये जे असते ते आता कुणी गाळत नाही. माझ्या धाकट्या ननंदेला त्या रोज रात्री नऊनंतर काय सांगतात हे घरात कुणालाही माहीत नाही, आणि ते माहीत नाही याचे मला फार बरे वाटते.

हे सारे आमच्या दारी आले कसे? मराठवाड्याच्या खेड्यात हे शहराच्या मागून आले खरे, पण आले ते लोंढ्यासारखे. आधी नव्वदीच्या सुमारास पिवळ्या पाट्यांचे टेलिफोन बूथ. मग साधे मोबाइल. तेव्हा आलेल्या फोनालाही पैसे पडत म्हणून लोक नुसती रिंग देऊन ठेवीत. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तूच फोन कर. 2013 च्या जुलैत तारखाते बंद झाले. 2016 च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले आणि गावातल्या पारावर ज्याच्यात्याच्या हातात उजेड दिसू लागला. 2019 साली व्हॉट्सअ‍ॅपच्या मालकांनीच सांगितले की भारतात हे वापरणारे 40 कोटी आहेत.

हे यंत्र ज्याने बनवले त्या दोघांपैकी एक, जान कूम, हा मूळचा युक्रेनचा. 1992 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो आईबरोबर अमेरिकेत गेला. वडील मागाहून यायचे होते. ते आलेच नाहीत आणि 1997 मध्ये तिकडेच वारले. लहानपणी त्याच्या घरी फोनवर मोकळेपणी बोलायची चोरी होती, कारण सरकारचा कान असे. 2009 साली त्याने ही कंपनी काढली आणि 2014 मध्ये ती फेसबुकला सुमारे 19 अब्ज डॉलरांना विकली. व्यवहार व्यवहाराच्या ठिकाणी. पण बाप एका देशात आणि लेक दुसऱ्या, असल्या घरातल्या पोराने हे काढले, हे समजल्यापासून मला त्या हिरव्या चिन्हाकडे पाहताना जरा निराळे वाटते.

आमचा ग्रुप 2016 साली न्यू जर्सीच्या पुतण्याने काढला आणि नाव ठेवले 'वाडा'. खरा वाडा निम्मा पडलेला आहे. माळवद गळते म्हणून पुढच्या बाजूला पत्रे घातले आहेत. पण नाव शोभते. आज त्यात त्रेचाळीस माणसे आहेत. पहिला वाद झाला तो मात्र या संख्येवरूनच. वाड्यात घ्यायचे कुणाला? मुलगे आले, नातू आले. सुना? "सुनांना कशाला, त्यांचे नवरे आहेत ना," असे एक वडीलधारे म्हणाले. मुली? "मुली आपल्याच." जावई? इथे मात्र सगळे गप्प! जावयासमोर घरातले काय काय बोलावे, हा प्रश्न ओटीवर जितका नाजूक तितकाच इथेही. शेवटी सुना आल्या, मुली आल्या आणि जावई बाहेर राहिले. म्हणजे मुलींच्या फोनात डोकावून सारे वाचायला मोकळे.

आपल्याकडे अनेक घराण्यांनी कुलवृत्तांत छापले आहेत. त्र्यंबकेश्वरी आणि नाशकाला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान् पिढ्यांची नावे आहेत. जुने कुलवृत्तांत उघडून पाहा. पुरुषांच्या नावाखाली त्याचे शिक्षण, नोकरी, पराक्रम असे सगळे. लेकीच्या नावापुढे ती कुणाला दिली एवढेच. सुनेचे माहेरचे नाव कंसात. त्या वंशवृक्षाच्या मानाने आमचा ग्रुप पुष्कळ बरा, असे मी म्हणेन. निदान त्यात मी माझ्या नावाने आहे आणि कंसात नाही.

सकाळच्या सुप्रभातांविषयी मी काही लिहिणार नाही. गुलाबाची फुले, उगवता सूर्य आणि त्याखाली एखाद्या थोर माणसाच्या नावावर खपवलेले, त्याने कधीही न उच्चारलेले वाक्य. हे सर्वांनी भोगले आहे. एवढेच म्हणते की आमचे एक मामेसासरे सहा वाजता फूल धाडतात आणि साडेसहापर्यंत फूल आले नाही तर आम्ही त्यांना फोन करतो. ते एकटे राहतात.

लग्नाची आमंत्रणे मात्र आता अगदी बिघडली. पूर्वी पत्रिकेला हळदकुंकू लावून घरचे माणूस दारी येई, कुंकू लावी, अक्षता देई. आता पत्रिकेचे चित्र येते आणि खाली वाक्य, "यालाच आग्रहाचे निमंत्रण समजावे." समजावे म्हणजे काय? आग्रह ही समजून घ्यायची गोष्ट आहे का? सासूबाईंनी असल्या एका लग्नाला जायचे साफ नाकारले. "मला कुणी बोलावलं नाही, नातवाच्या फोनाला बोलावलंय," असे म्हणाल्या. भाऊबीजेचीही तीच गत. ओवाळणी हल्ली फोनातून खात्यावर जमा होते आणि टुंग असा आवाज येतो. बहिणीने निरांजन कुणाभोवती फिरवायचे, त्या आवाजाभोवती?

आणि या फोनाची जीवघेणी बाजूही आहे. ती इथे दडवायची नाही. 2018 साली मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा महाराष्ट्रभर फोनाफोनांतून फिरल्या. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे धाडता येणार नाही, असा निर्बंध घातला. अफवेचे तसलेच चित्र त्या दिवसांत आमच्या वाड्यातही आले होते, आणि ते धाडणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. आपल्या माणसाकडून आलेले म्हणून आपण ते खरे धरतो आणि आपल्या माणसांच्या काळजीपोटीच पुढे धाडतो. परक्याने धाडले असते तर दोनदा विचार केला असता.

शहरातल्या वाचकांना वाटते की पांगलेली कुटुंबे म्हणजे आपलीच. कुणी पुण्यास, कुणी परदेशी. राणीसावरगावच्या आसपासच्या वाड्यातांड्यांवरून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्यांची कुटुंबेही पांगतातच. मुकादमाची उचल घेतलेली, नवराबायकोचा मिळून एक कोयता धरलेला, ट्रॅक्टर नाहीतर ट्रकमध्ये संसार भरलेला. पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याच्या हद्दीत पालावर चार-पाच महिने काढायचे. मागे गावात म्हातारे आणि शाळेत घातलेली पोरे. आमच्या शेजारी अशी एक म्हातारी आहे. तिच्याकडे दोन नातवंडे असतात. रात्री आठ वाजता लेकसुनेचा फोन येतो. सुनेच्या तोंडावर अंधार असतो, कारण पालावर दिवा कुठला. पण नातू फोन भिंतीला टेकवून ठेवतो आणि तिच्यासमोर जेवतो. ती उसाच्या फडातून "अजून एक भाकरी घे" म्हणते. मागे एकदा त्या फोनाचे पैसे संपले तर म्हातारीने शेळीचे दूध विकून आधी ते भरले. या फोनाने माणसे दुरावली असे म्हणणाऱ्याने एक रात्र तिच्या ओसरीवर बसून पाहावे.

आता आमच्या घरातली खरी गोष्ट सांगते. ती सांगावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. पण सगळी घरे आपापल्या परीने याच वाटेवरून जात आहेत, तेव्हा लपवायचे ते काय?

मामंजी 2021 साली गेले. वारसांचा फेरफार झाला आणि शेताच्या सातबाऱ्यावर सासूबाई, दोन मुलगे आणि तीन मुली अशी सहा नावे लागली. आमच्याकडे, आणि बहुतेक मराठी घरांत, यापुढची पायरी ठरलेली असते. बहिणींनी हक्कसोडपत्र करून द्यायचे, भावाने साडीचोळी करायची. हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात कुणाला काही विचारावे लागते असे कुणाला वाटतच नाही. कायद्याने मात्र पुष्कळ वळणे घेतली. 1956 च्या कायद्याने लेकीला वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात वाटा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत तिला जन्मतः हक्क नव्हता. 1994 साली महाराष्ट्राने तो दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. म्हणजे आमच्या घरात 1996 साली लग्न झालेली धाकटी आत, आणि 1979 साली लग्न झालेल्या थोरल्या अक्का बाहेर! 2005 च्या दुरुस्तीने तो भेद काढला आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की लेकीचा हक्क जन्मापासूनचा आहे; 2005 मध्ये वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही.

2024 च्या मे महिन्यात थोरल्या दिरांनी, त्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, वाड्यावर निरोप टाकला: "तिघी बहिणींनी येत्या सोमवारी गंगाखेडला रजिस्टर कचेरीत यावे. सोबत आधारकार्ड व दोन फोटो आणावेत. जेवण घरी." दादांच्या मनात काळेबेरे काही नव्हते. शेत तेच कसतात, आईला तेच सांभाळतात. धाकट्या दोघींनी लगोलग अंगठा दाखवला. अक्कांच्या नावापुढे दोन निळ्या खुणा उमटल्या. म्हणजे वाचले. पण उत्तर नाही. 2014 च्या नोव्हेंबरात या निळ्या खुणा आल्या, तोवर न बोलणे ही एक सभ्य गोष्ट होती. पत्र पोचले नसेल, असे म्हणता येई. आता गप्प बसणेही सगळ्यांना दिसते.

पाचव्या दिवशी अक्कांनी नांदेडहून त्याच वाड्यावर सातबारा टाकला. 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो; तलाठ्याकडे जायला नको की भावाला मागायला नको. त्याखाली त्यांचा बोललेला निरोप होता. आवाज अगदी शांत होता. "दादा, पीक तू घे, पैसा तू घे, मला एक दाणा नको. पण या कागदावर आबांच्या खाली माझं नाव लागलंय. पंचेचाळीस वर्षांनी माझं नाव माझ्या गावात कुठं तरी लागलं. ते राहू दे. मी सोमवारी येणार नाही."

हे माजघरात झाले असते तर चौघांत राहिले असते. इथे त्रेचाळीस माणसांनी ऐकले. नातवंडांनी ऐकले, आणि फोनात डोकावणाऱ्या जावयांनीही ऐकले. कुणीतरी घाईघाईत हात जोडल्याचे चित्र टाकले. ते कुणाला जोडले, हे कळायला मार्ग नव्हता. त्या रात्री दादा वाड्यातून बाहेर पडले. 2022 पासून कुणी ग्रुप सोडला तर ते सर्वांना न दिसता फक्त चालकाला दिसते. तेव्हा ते कळले ते आधी न्यू जर्सीच्या पुतण्याला. बापाने घर सोडल्याची बातमी मुलाला साता समुद्रांपलीकडे पहिल्याने!

मला स्वतःला अक्कांचे म्हणणे पटले होते. पण नावाचा प्रश्न आमच्या 'ह्यां'च्याही वाट्याचा असल्याने मी त्यावर काही बोलले असते तर दोन्हीकडून संशय आला असता. मी बोलले नाही. आमच्या जावानणंदांचा एक निराळा ग्रुप आहे, पुरुषांना ठाऊक नसलेला. तो मूळचा कुरडया-पापडांच्या प्रमाणापुरता काढलेला. त्या उन्हाळ्यात तिथे गव्हाच्या चिकाबरोबर हाही विषय रटरटत राहिला. थोरल्या जाऊबाई दादांविषयी एक अक्षर वावगे बोलल्या नाहीत. पण रोज सकाळी गुमान शेताचा एक फोटो अक्कांना धाडू लागल्या. बांधावरचे चिंचेचे झाड. विहीर. नांगरट. पेरणी.

मग 10 जुलै 2024 उजाडला. सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला आणि नांदेड-परभणीकडे घरे हादरली. मराठवाड्याच्या माणसाला भूकंप म्हटले की किल्लारी आठवते. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटे, गणपती बोळवून लोक झोपलेले, आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या वेळी आम्ही पुण्याला होतो. टेलिफोन बूथवर रांगा आणि "सर्व लाइनी व्यस्त आहेत" म्हणणारी ती बाई. राणीसावरगावचा वाडा हादरला पण माणसे सुखरूप आहेत, हे आम्हांला तिसऱ्या दिवशी एस्टीने आलेल्या एका गाववाल्याने सांगितले. ते तीन दिवस मी अजून विसरले नाही.

2024 मध्ये पाच मिनिटांत वाड्यावर सगळ्यांची हजेरी लागली. नांदेड सुखरूप. संभाजीनगर सुखरूप. फक्त राणीसावरगाव नाही, कारण दादा वाड्यात नव्हते आणि जाऊबाई मळ्यात होत्या. सात वाजून अठ्ठावीस मिनिटांनी सासूबाईंचा आवाज आला. "सर्वांना अनेक आशीर्वाद. इकडे भांडी पडली. दादा माझ्यापाशी बसला आहे, नांदेडचा फोन लागत नाही म्हणून रडतो आहे. अक्काने खुशाली कळवावी. कळावे." हा निरोप त्यांनी मुद्दाम सगळ्यांपुढे टाकला की चुकून, हे मी त्यांना अजून विचारलेले नाही. अक्कांनी फोन केला. काय बोलणे झाले ते दोघांनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी दादा वाड्यात परत दिसले, आणि त्या नवरात्रात अक्कांना आणायला स्वतः नांदेडला गेले. फोन न करता, जुन्या रीतीने, मूळ घेऊन. अष्टमीला देवीच्या देवळातून दोघांचा फोटो आला. दोघेही कॅमेऱ्याकडे न पाहता भलतीकडेच पाहत आहेत.

हक्कसोडपत्र झालेले नाही. धाकट्या दोघींनीही आता "अक्कांचे पाहून" म्हणत हात आखडता घेतला आहे. दादांना ते आवडले आहे असे नाही.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसाने कहर केला. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले. दादांनी वाड्यावर फोटो टाकले; शेंगांना कोंब फुटलेले. पंचनामे झाले. पण सामाईक खात्यावरची मदत एकाच्या नावे जमा व्हायची तर बाकीच्या खातेदारांचे संमतीपत्र लागते. दादांना बहिणीकडे सही मागणे आले. आणि या खेपेस त्यांनी ती वाड्यावर न मागता अक्कांना फोन करून मागितली. त्याच दुपारी अक्कांनी सही केलेल्या संमतीपत्राचा फोटो सगळ्यांपुढे वाड्यावर टाकला, मूळ कागद स्पीड पोस्टाने धाडला आणि खाली लिहिले, "सोयाबीन गेले ते गेले. खालच्या तुकड्यातल्या तुरीत पाणी साचले आहे का ते पाहून कळव. चर काढला नसशील तर आजच काढ."